वेग कमी, हिशेब जास्त

क्रिकेटच्या नियमांप्रमाणे पुरुषांच्या सामन्यातला नवा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅमचा असावा लागतो. पूल या खेळातला चेंडू १५६ ते १७० ग्रॅमचा. काट्यावर ठेवले तर दोघांत फारसा फरक निघणार नाही. २००३ च्या विश्वचषकात शोएब अख्तरने इंग्लंडविरुद्ध यातला पहिला चेंडू ताशी १६१.३ किलोमीटर वेगाने टाकला. दुसऱ्या चेंडूला, पूलमधले कसलेले खेळाडू सगळी ताकद लावून ब्रेक, म्हणजे डाव सुरू करणारा फटका, मारतात तेव्हाही, साधारण ताशी ३५ ते ४५ किलोमीटर इतकाच वेग मिळतो. पन्नाशी ओलांडणारा फटका विरळाच. वजन तेच आणि वेग जेमतेम पाव. शिवाय गोलंदाजाचा हात मोकळा असतो आणि पूल खेळणाऱ्याच्या हातात चांगली पाच फुटांच्या आसपासची काठी असते!

इतर खेळांशी तुलना केली तर पूल ज्यातला एक आहे ते बिलियर्ड्सचं कुटुंब आणखीच मागे पडतं. बेसबॉलमध्ये अरोल्डिस चॅपमनने २०१० मध्ये ताशी १६९ किलोमीटरचा चेंडू फेकला. टेनिसमध्ये जॉन इस्नरची २०१६ मधली सर्व्हिस ताशी २५३ किलोमीटरची होती. व्यावसायिक गोल्फपटूच्या ड्रायव्हर क्लबवरून सुटणारा चेंडू सरासरी २७५ च्या घरात असतो. आणि २०२३ मध्ये जपानमधल्या सोका इथे घेतलेल्या चाचणीत आपल्या बॅडमिंटनपटू सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशने शटल ताशी ५६५ किलोमीटरवर नेलं. गिनीजच्या पुस्तकात त्याची नोंद आहे.

मग बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल हे खेळ इतके संथ का? आणि संथ असूनही इतके अवघड का? दोन्ही प्रश्नांची उत्तरं पदार्थविज्ञानाच्या शालेय पुस्तकाबाहेर फारशी जात नाहीत.

काठी आहे, पण तरफ नाही

पहिला संशय टकरीवर जातो. काठीने चेंडूला मारताना बराच वेग वाया जात असेल, असं वाटतं. हिशेब करून पाहू. पूलची काठी, म्हणजे क्यू, साधारण ५४० ग्रॅमचा आणि चेंडू १७० ग्रॅमचा धरला, आणि टकरीत ऊर्जा अजिबात वाया गेली नाही असं मानलं, तर चेंडूचा वेग क्यूच्या टोकाच्या वेगाच्या दीडपट भरतो. प्रत्यक्षात टोकावरची चामड्याची टिप दबते आणि थोडी ऊर्जा गिळते, त्यामुळे ही पट १.३ च्या आसपास येते. क्यू कितीही जड केला तरी ती दोनच्या पुढे जाऊ शकत नाही. संवेग आणि ऊर्जा यांचे नियमच तशी मर्यादा घालतात. शिवाय जड क्यू तितक्या वेगाने ढकलता येत नाही, ते वेगळंच.

आता गोल्फ पाहा. ड्रायव्हरचं डोकं सुमारे २०० ग्रॅमचं, चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा. इथेही चेंडूचा वेग डोक्याच्या वेगाच्या जवळपास दीडपटच असतो. म्हणजे टक्कर निर्दोष सुटली. १.३ आणि १.५ यांत असा कितीसा फरक?

खरा फरक टक्कर होण्याआधीचा आहे. गोल्फ क्लबचं डोकं ताशी १८५ किलोमीटरने येतं, क्यूचं टोक ब्रेकच्या वेळीही ३० च्या आसपास. कारण गोल्फ क्लब, टेनिसची रॅकेट आणि क्रिकेटची बॅट या गोल फिरतात. मूठ थोडी हलली तरी लांबचं टोक मोठा वळसा घेतं, म्हणून टोकाचा वेग मुठीच्या कितीतरी पट होतो. गोलंदाजाच्या हातात काठी नसली तरी त्याचा हातच खांद्यापासून फिरणारी लांब तरफ असतो. त्यामागे रनअप, पुढच्या पायाचा आघात, कंबर आणि धड यांची साखळी असते. प्रत्येक सांधा पुढच्या सांध्याकडे वेग सोपवत जातो.

क्यू फिरत नाही. तो स्वतःच्या लांबीच्या दिशेने सरळ पुढे सरकतो. त्यामुळे मागच्या मुठीचा जो वेग, तोच पुढच्या टोकाचा. चार फुटांचा क्यू घ्या की सहा फुटांचा, वेगात काडीचाही फरक पडणार नाही. आणि ती मूठ हलते कशाच्या जोरावर? खेळाडू टेबलावर वाकलेला असतो, डावा पंजा कापडावर टेकलेला असतो, निदान एक पाय जमिनीला टेकलेला असलाच पाहिजे असा नियम असतो. झुलतो तो फक्त कोपरापासून खालचा हात. ब्रेक मारताना कमरेचा झोक दिला जातो खरा, पण एरवी खांदा जितका स्थिर तितका फटका चांगला असंच शिकवतात. वेग वाढवणारी शरीरातली जवळजवळ सगळी यंत्रणा इथे मुद्दाम बंद ठेवलेली असते, कारण तीच यंत्रणा नेम बिघडवते.

बारा जूलचा स्फोट

वेगाचे आकडे थोडे फसवेही असतात, म्हणून ऊर्जेकडे पाहू. १७० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला १२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४३ किलोमीटर वेगाने निघाला तर त्याची गतिज ऊर्जा १२ जूल भरते. अख्तरच्या त्या चेंडूची १६० जूलच्या आसपास, इस्नरच्या सर्व्हिसची सुमारे १४०. ताशी ५६५ किलोमीटरच्या शटलची मात्र जेमतेम ६०, कारण त्याचं वजनच पाच ग्रॅम. शटलचा तो वेग टिकतही नाही. उंचावरून सोडलेलं शटल सेकंदाला साधारण पावणेसात मीटरच्या वर वेग घेऊ शकत नाही, कारण तेवढ्या वेगालाच हवेचा अवरोध त्याच्या वजनाइतका होतो. अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. या हिशेबाने रॅकेटवरून सुटताना सात्त्विकच्या शटलला हवा त्याच्या वजनाच्या पाचशे पटींहून अधिक जोराने मागे रेटत होती.

पूलच्या ब्रेकमधल्या १२ जूलचं काय होतं? समोर १५ चेंडू एकमेकांना चिकटवून त्रिकोणात मांडलेले असतात. क्यू ज्याला मारतो तो पांढरा चेंडू धरून एकूण सोळा. ऊर्जा कुठेही वाया गेली नाही आणि सोळा जणांत समान वाटली गेली असं क्षणभर मानू. ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरत असल्यामुळे सोळावा हिस्सा ऊर्जा म्हणजे चौथा हिस्सा वेग. प्रत्येक चेंडू सेकंदाला ३ मीटरने सुटेल. प्रत्यक्षात वाटणी समान नसते. त्रिकोणाच्या मागच्या दोन कोपऱ्यांतले चेंडू जोरात सुटतात, पोटातले जागच्या जागी घुटमळतात. प्रत्येक टकरीत थोडी ऊर्जा आवाजात आणि उष्णतेत जाते. तरी टेबल उघडायला तेवढं पुरतं.

हे सगळं किती वेळात घडतं, ते पाहण्यासारखं आहे. नऊ फुटी पूल टेबलावर पांढरा चेंडू मधोमध, ब्रेकच्या रेषेवर ठेवला तर पहिल्या चेंडूची जागा तिथून १.२७ मीटरवर असते. सेकंदाला १२ मीटरने हे अंतर एक दशांश सेकंदात संपतं. माणसाला एखादी गोष्ट दिसून हात हलवायला साधारण दोन दशांश सेकंद लागतात. म्हणजे फटका मारणाऱ्याला स्वतःचा फटका बसलेला उमगायच्या आत चेंडू विखुरलेले असतात. हा वेग घरबसल्या मोजताही येतो. मोबाइलवर ब्रेकचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा. टिप चेंडूला लागल्याचा एक आवाज आणि चेंडू त्रिकोणावर आदळल्याचा दुसरा, या दोन्हींच्या लहरींमधलं अंतर पडद्यावर मोजायचं. ०.१२७ सेकंद आलं तर वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर.

टिप आणि चेंडू यांचा स्पर्श तर फक्त एक-दोन हजारांश सेकंद टिकतो, आणि दोन चेंडूंमधला त्याच्याही चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका. एवढ्या अवधीत १७० ग्रॅमला सेकंदाला १२ मीटरवर न्यायचं म्हणजे टिपचा सरासरी जोर दोनशे किलो वजनाच्या आसपास जातो. फटक्याचा परिणाम खेळाडूच्या हाताला जाणवेपर्यंत चेंडू टिप सोडून गेलेला असतो. ‘शेवटी क्यू जरा वळवला’ असं कुणी म्हणत असेल तर ते वळवणं फटका संपल्यावरचं असतं.

वेग कुणाविरुद्ध?

इतर खेळांत वेग समोरच्याचा वेळ हिरावून घेतो. अतिवेगवान गोलंदाजापुढे फलंदाजाला सगळा निर्णय अर्ध्या सेकंदाच्या आत करायचा असतो. सर्व्हिस घेणाऱ्याचीही तीच गत. बिलियर्ड्समध्ये प्रतिस्पर्धी खुर्चीत बसलेला असतो. चेंडू स्थिर, वेळ हातात. वेगाने कुणाला चकवायचं असतं? कुणालाच नाही. म्हणून इथे वेग हे अस्त्र राहत नाही, ते मोजमाप होतं. प्रत्येक फटक्याला नेमका किती वेग द्यायचा हा प्रश्न उरतो, आणि तो प्रत्येक वेळी नवा असतो.

स्नूकरचा ब्रेक पाहिला की हे लगेच पटतं. तिथे पंधरा लाल चेंडूंच्या त्रिकोणावर कुणी घाव घालत नाही. कडेच्या एखाद्या लाल चेंडूला हलकेच चाटून, कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवरून, फिरवून पांढरा पुन्हा आपल्या टोकाला, शक्यतो कुशनला चिकटवून आणायचा असतो. टेबल जवळजवळ ३.५७ मीटर लांब, पांढऱ्याचा प्रवास जाऊन-येऊन सात मीटरच्या वर, आणि शाबासकी मिळते ती त्याच्या थांबण्याला.

घसरण आणि घरंगळणं

चेंडू थांबवायचा तर तो वेग कसा गमावतो हे कळलं पाहिजे. चेंडूला बरोबर मधोमध मारलं तर तो सुरुवातीला फिरत नाही, कापडावर घसरतो. खालचं कापड त्याच्या तळाला मागे ओढतं. त्या ओढीने वेग कमी होतो आणि त्याच ओढीने चेंडू पुढच्या दिशेने फिरू लागतो. फिरण्याचा वेग पुढे जाण्याच्या वेगाशी जुळला की घसरणं संपतं आणि घरंगळणं सुरू होतं. गंमत म्हणजे त्या क्षणी मूळ वेगाचा नेमका ५/७ भाग शिल्लक असतो. कापड खरखरीत असो वा गुळगुळीत, हा अपूर्णांक बदलत नाही. बदलतं ते फक्त अंतर. सेकंदाला २ मीटरने सोडलेला चेंडू साधारण कापडावर अर्धा मीटर घसरतो. चेंडूला त्याच्या उंचीच्या सात दशांशावर मारलं तर तो पहिल्यापासूनच घरंगळत निघतो, मधली घसरण होतच नाही. गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या गणितावर एक आख्खा ग्रंथच लिहिला. फिरत्या पृथ्वीवर वाऱ्यांना वळवणाऱ्या परिणामाला ज्याचं नाव आहे, तोच हा कोरिऑलिस. क्यूचं मागचं टोक उचलून बाजूने फिरकी दिलेला चेंडू घसरत असताना अन्वस्ताच्या वक्रावर जातो आणि घरंगळू लागला की सरळ रेषेत, हे त्याने दाखवून दिलं.

‘स्टन’ म्हणून ओळखला जाणारा फटका या घसरणीवरच उभा आहे. समोरचा चेंडू अगदी सरळ रेषेत आहे. पांढऱ्याला मध्याच्या किंचित खाली मारायचं, म्हणजे तो थोडी उलटी फिरकी घेऊन निघतो. कापड ती फिरकी खात जातं. ती पूर्ण संपावी आणि पुढची फिरकी सुरू व्हायच्या आत टक्कर व्हावी, असा मेळ बसला की पांढरा आपला जवळजवळ सगळा वेग समोरच्याला देतो आणि जागीच गप्प उभा राहतो. उलटी फिरकी शिल्लक राहिली तर तो मागे येतो, त्याला आपल्याकडे स्क्रू म्हणतात. आधीच घरंगळू लागला असेल तर टकरीनंतर क्षणभर थबकतो आणि उरलेल्या फिरकीच्या बळावर पुन्हा पुढे चालू लागतो. त्याचा वेग शेवटी मूळ वेगाच्या २/७ वर स्थिरावतो, समोरच्या चेंडूचा ५/७ वर. तोच नेम, तीच रेषा, पण टिप कुठे लागली आणि वेग किती होता यावरून तीन वेगळे निकाल.

कॅरम खेळलेल्या कुणालाही इथे प्रश्न पडेल: सरळ बसलेल्या टोल्यानंतर आपला स्ट्रायकर असा जागीच का थांबत नाही? कारण पांढऱ्याचं आणि समोरच्या चेंडूचं वजन जवळपास सारखं असतं, तर स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंतचा आणि सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची. तिप्पट जड वस्तू हलक्या वस्तूवर आदळली की सगळा वेग देऊन टाकू शकत नाही. आदर्श टकरीत सोंगटी स्ट्रायकरच्या जवळजवळ दीडपट वेगाने उडते आणि स्ट्रायकर उरलेल्या निम्म्या वेगाने तिच्यामागे जातो, कधी कधी थेट पॉकेटपर्यंत. शिवाय सोंगटी घरंगळत नाही, फक्त घसरते. म्हणूनच बोर्डावर पावडर लागते.

बिलियर्ड्सच्या टेबलावर घसरण संपली की मात्र घर्षण फार कमी होतं. घसरताना चेंडूला त्याच्या वजनाच्या सुमारे एक पंचमांश जोराने अडवलं जातं, घरंगळताना फक्त शंभराव्या भागाइतक्या जोराने. त्यामुळे नऊ फुटी पूल टेबलाची २.५४ मीटरची लांबी पार करायला सेकंदाला ०.७ मीटर, म्हणजे ताशी अडीच किलोमीटर पुरतात. रमतगमत चालणारा माणूसही याहून वेगाने जातो.

वर्गाचा नियम

घरंगळणारा चेंडू किती दूर जाईल हे त्याच्या वेगाच्या वर्गावर ठरतं. वेग दुप्पट तर अंतर चौपट. वेगात दहा टक्क्यांची चूक झाली तर अंतरात एकवीस टक्क्यांची होते. हात वेग देतो आणि डोळ्याला अंतर दिसतं. या दोहोंमधलं नातं सरळ नसल्यामुळे नवशिक्याचा पांढरा नेहमीच लांब जातो किंवा अलीकडेच थांबतो.

त्यात वेग बदलला की बाकीच्या गोष्टीही बदलतात. जोरात गेलेला चेंडू पॉकेटच्या जबड्याला लागला तर बाहेर फेकला जातो. तोच हळू गेला तर आत घरंगळतो. म्हणजे जोरात खेळणाऱ्यासाठी पॉकेट अरुंद होतं. पण हळू खेळण्याचीही किंमत आहे. दोन चेंडू तिरके घासतात तेव्हा त्यांच्यातलं घर्षण समोरच्या चेंडूला नेमापासून किंचित बाजूला ओढतं, आणि ही ओढ संथ टकरीत जास्त असते. स्नूकरच्या कापडाला लव असते. तिच्या विरुद्ध संथ जाणारा चेंडू शेवटी शेवटी वाट सोडतो. दमट हवेत कापड ओलावा धरतं आणि टेबल मंद होतं, तेव्हा मुंबईच्या पावसाळ्यात कालचा हात आज चालत नाही. तीन कुशनच्या बिलियर्ड्समध्ये चेंडूला फार लांबचा प्रवास करावा लागतो, म्हणून मोठ्या स्पर्धांत टेबलाची दगडी पाटी चक्क तापवून कापड कोरडं ठेवतात.

न हलणाऱ्या चेंडूंचे विक्रम

संथपणाची कमाल इंग्लिश बिलियर्ड्समध्ये दिसते. पांढऱ्याने एका फटक्यात उरलेल्या दोन्ही चेंडूंना स्पर्श केला की दोन गुण, त्याला कॅनन म्हणतात. १९०७ मध्ये इंग्लंडच्या टॉम रीसने दोन चेंडू पॉकेटच्या तोंडाशी असे अडकवून ठेवले की पांढऱ्याने दोघांना नुसतं शिवलं तरी ते जागचे हलायचे नाहीत. या युक्तीने त्याने कित्येक आठवडे खेळून ४,९९,१३५ गुणांचा ब्रेक केला (इथे ब्रेक म्हणजे एका पाळीत सलग मिळवलेले गुण), तोही अपुरा. ही पद्धत नंतर नियमाने बंद झाली, पण चेंडूंना बोटभर अंतरात हलवत कुशनच्या कडेकडेने नेत कॅनन करत राहण्याची कला टिकली.

या खेळांशी आपलं नातं जुनं आहे. स्नूकरचा जन्मच १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीतला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत १,१४९ गुणांचा ब्रेक करून हौशी खेळाडूंमध्ये हजारी पहिल्यांदा ओलांडली. अनेकवार जगज्जेता ठरलेला पंकज अडवाणी हाही जन्माने पुण्याचा. यांपैकी कुणाचंही मोठेपण सांगताना वेगाचा आकडा कधी सांगितला जात नाही.

सांगायचाच तर असा सांगता येईल. समजा, पांढरा तीन मीटर घरंगळत जाऊन ठरल्या जागेपासून दहा सेंटिमीटरच्या आत थांबायला हवा आहे. चांगल्या खेळाडूसाठी ही रोजची अपेक्षा. त्यासाठी चेंडूला सेकंदाला ७७ सेंटिमीटर वेग द्यावा लागेल, आणि वर्गाच्या नियमाने त्यात सव्वा सेंटिमीटरहून मोठी चूक चालणार नाही. ताशी किलोमीटरमध्ये ही चूक ०.०५ इतकीही भरत नाही. मैदानावरचे वेगमापक दशांशाच्या एकाच स्थळापर्यंत आकडा दाखवतात. ही चूक त्यांच्यावर उमटणारच नाही. टेबलावर मात्र ती पुढच्या फटक्यालाच समोर येते.